भरून पावले

गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींसोबत जिल्हा न्यायालयात गेलो होतो. त्यांच्या यजमानांचा, भाऊंचा, स्वतःचा टेम्पो होता. उलट्या बाजूने भरधाव आलेल्या मोटारीने धडक दिली आणि ते जागीच गेले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात टाकलेला क्लेम मंजूर होऊन पैसे जमा झाले होते. वकिलांनी पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, टाइप करून आणली होती : ‘निवाड्याची रक्कम भरून पावले. काही तक्रार नाही.’ वहिनींनी सहीसाठी पेन उचलले, कागद वाचला आणि पेन खाली ठेवले. म्हणाल्या, “वकीलसाहेब, रक्कम मिळाली असं लिहा. भरून पावले नका लिहू.” वकिलांनी काही न बोलता ओळ बदलली.

त्या दिवसापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. ‘भरपाई’ म्हणजे भरणे आणि पावणे. जुन्या देण्याघेण्यात भरपाई म्हणजे येणे पूर्ण हाती आल्याची पावती. ती लिहून दिली की देणेकरी मोकळा. त्याच्याआधी जोडलेले ‘नुकसान’ अरबी. त्याचा मूळ अर्थ उणे होणे, कमी पडणे. म्हणजे अरबी उणे आणि मराठी भर यांचा हा जोडशब्द. जळालेल्या दुकानाला, वाहून गेलेल्या पिकाला तो चपखल बसतो. जितके उणे झाले, तितके मोजून भरता येते.

माणसाच्या बाबतीतही न्यायालय मोजतेच, त्याला इलाज नाही. भाऊ अडतीस वर्षांचे होते, कमाई महिना २०,००० धरली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे, चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा असलेला म्हणून त्यात ४० टक्के वाढ : २८,०००. मागे वहिनी, दोन मुले आणि म्हातारी आई, म्हणजे चार अवलंबित. म्हणून भाऊंच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : २१,०००. वर्षाचे २,५२,०००. त्याला २००९ च्या सरला वर्मा निकालातला त्या वयाचा गुणक, १५ : ३७,८०,०००. हिशेब चोख आहे आणि त्यामागची न्यायबुद्धीही खरी आहे. त्या पैशावर दोन मुले शिकतील. पण हे भरले ते कमाईचे उणे.

बातम्यांत कधी ‘मृताच्या वारसांना मोबदला’ असे छापून येते. हे मला साफ चुकीचे वाटते. मोबदला अरबी ‘मुबादला’वरून आला, म्हणजे अदलाबदल. जमीन दिली, मोबदला घेतला, इथे तो ठीक. वहिनींनी काही दिले नव्हते. त्यांचे नेले गेले.

‘अपघात’ मात्र मराठीने फार नेमका निवडला. हिंदी ‘दुर्घटना’ म्हणते : वाईट घडले. गुजराती ‘अकस्मात’ म्हणते : अ-कस्मात्, कशामुळे ते विचारू नका. आपल्या शब्दात ‘घात’ आहे, ‘हन्’ धातूतून आलेला. कुणीतरी मारले, हे त्यात शिल्लक राहते. दाव्यात नेमके तेच सिद्ध करावे लागते. पोलिसांच्या कागदात ‘हयगयीने व अविचाराने वाहन चालवून’ हे शब्द येतात, ते उगाच नाही. कायदा विचारतो ‘कस्मात्?’ आणि उत्तर मागतो.

हे उत्तर मागण्याचा हक्कही जुना नाही. १८०८ मध्ये इंग्लंडात घोड्यांची प्रवासी गाडी उलटली आणि एका नवऱ्याची बायको महिन्याभराने गेली. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी सांगितले की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानी नाही. नवऱ्याला भरपाई मिळाली ती फक्त ती जिवंत असेपर्यंतच्या दिवसांची. जखमी माणूस दावा करू शके. मेलेल्याचे घर नाही. तिथे ‘डिओडँड’ नावाची प्रथाही होती, लॅटिनमध्ये ‘देवाला द्यायचे’. ज्या चाकाने किंवा घोड्याने जीव घेतला ते, नाहीतर त्याची किंमत, सरकारजमा होई. १८४६ मध्ये ती प्रथा गेली आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क देणारा कायदा आला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा झाला.

आजच्या निवाड्यात आणखी एक सदर असते, ‘कन्सॉर्शियम’. मराठीत आपण सहवासाची हानी म्हणतो. लॅटिन ‘कॉन्सॉर्स’ म्हणजे एकाच नशिबातला वाटेकरी. मला ‘वाटेकरी’ हाच शब्द आवडतो, कारण २०१८ च्या एका निकालाने हा हक्क जोडीदाराबरोबर मुलांना आणि आईवडिलांनाही दिला. प्रणय सेठी निकालात या सदराखाली ४०,००० धरले आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली. वहिनींना भरून पावले म्हणवले नाही ते याच सदराखाली.

आणि एक शब्द राहिला. फाइलभर ‘मयत इसम’ लिहिलेले होते. ‘इसम’ अरबीत म्हणजे नाव. अर्ज लिहिणाऱ्या वकिलांना आणि कारकुनांना माझी विनंती आहे : मयताचे नाव प्रत्येक पानावर पूर्ण लिहा, आणि घरच्यांची सही घेताना ‘रक्कम मिळाली’ एवढेच लिहा.