दोन सेलांचा आकडा

सुताराला एखादं माप विचारा, तो त्यामागचा हिशेबही सांगेल. छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या दुनियेतही बहुतेक मापं अशीच हिशेबी आहेत. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस नेमका एक इंचाचा. १/४८ म्हणजे फुटाला दोन सूत, १/३२ म्हणजे फुटाला तीन सूत. पट्टी हातात असली की काम झालं. पण रणगाड्याच्या प्लास्टिक किटची पेटी उचलली, तर तिच्यावर बहुधा छापलेलं असतं १/३५. हे माप फूट-इंचांत बसत नाही, दशमान पद्धतीतही धड बसत नाही. तरी जपानपासून इटलीपर्यंत आणि कोरियापासून युक्रेनपर्यंतचे कारखाने रणगाडे मुख्यतः याच मापात काढतात.

हा आकडा कुणा अभियंत्यानं काढलेला नाही. तो विजेच्या सेलांनी ठरवला.

त्या सेलांकडे जाण्याआधी खऱ्या रणगाड्याच्या नावापाशी थोडं थांबायला हवं, कारण तिथे आपलाही एक धागा आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटिश नौदल खात्यात ‘जमिनीवरच्या जहाजां’साठी समिती नेमली. लिंकन गावातल्या विल्यम फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात लोखंडी धडं तयार होऊ लागली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून सांगितलं जाई, की मेसोपोटेमियाच्या आघाडीसाठी पाणी वाहून नेणारी यंत्रं बनताहेत. त्या थापेतूनच डिसेंबर १९१५ मध्ये ‘टँक’ हे नाव पक्कं झालं. इंग्रजीत हा शब्द आला कुठून? कोशकार पोर्तुगीज ‘तांके’कडे बोट दाखवतात, तसंच गुजराती-मराठीतल्या ‘टांकं’कडेही. गडावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, तेच हे. आणि ज्या मेसोपोटेमियाचं नाव पुढे केलं गेलं, तिथे कुतच्या वेढ्यात त्याच महिन्यात अडकून पडली होती सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर पहिले टँक चिखल तुडवत निघाले, तेव्हा हे गुपित फुटलं.

गुपित फुटल्यावर त्याची छोटी रूपं यायला वेळ लागला नाही. वर्ष-दोन वर्षांत ब्रिटनमध्ये चिनी मातीचे इवले टँक दुकानांत दिसू लागले, गावोगावची मानचिन्हं रंगवलेले, दिवाणखान्यात मांडायचे. १९१७ च्या अखेरीस युद्धकर्जासाठी पैसा गोळा करायला खरे टँक शहराशहरांतून फिरवले गेले आणि या शोभेच्या टँकांना आणखी मागणी आली. पण ही आठवणीची वस्तू होती. तिचं माप कुणी तपासत नव्हतं.

माप तपासणारी जमात घडली ती पुढे, आणि तिची पंढरी ठरलं जपानमधलं शिझुओका. लाकूडकामाची जुनी परंपरा असलेलं हे शहर. देवळं बांधायला आलेले कारागीर इथेच स्थिरावले, असं तिथे सांगतात. १९४६ मध्ये योशिओ तामिया यांनी इथे लाकडाचा व्यवसाय सुरू केला. दोनेक वर्षांत त्याला लाकडी प्रतिकृतींच्या किटची जोड मिळाली. १९५१ मध्ये आग लागली, लाकडाचा साठा गेला. सावरता सावरता १९५३ पर्यंत तामियांनी लाकूड कापणं सोडलं आणि पुरते प्रतिकृतींच्या धंद्याला लागले. मुलगा शुन्साकू त्यात उतरला तेव्हा अमेरिकेतून प्लास्टिकची किटं येऊ लागली होती. लाकडी किटात ठोकळा तासायला लागे, घासायला लागे. प्लास्टिकच्या पेटीत मात्र तोफा, शिड्या, कठडे सगळं तयार, फक्त कापून चिकटवायचं. लाकडाचे दिवस भरले, हे ओळखायला ज्योतिषी नको होता.

तामियाचं पहिलं प्लास्टिक किट १९६० मध्ये आलं. युद्धनौका ‘यामातो’, माप १/८००. ते बुडालं. जवळपास त्याच सुमारास दुसऱ्या एका जपानी कंपनीनं तीच नौका कमी किमतीत आणली आणि तामियाला स्वतःची किंमत उतरवावी लागली. पोलादी साचा ही या धंद्यातली सगळ्यात महागडी चीज. प्लास्टिक स्वस्त असतं, कागदाची पेटी स्वस्त असते. पण पोलादात कोरलेला साचा एकदा झाला की त्याचा खर्च हजारो पेट्या विकल्याशिवाय वसूल होत नाही. यामातोच्या साच्याचा तो झाला नाही. कंपनी काही काळ पुन्हा लाकडाकडे वळली आणि छोट्या खेळण्यातल्या रेसिंग गाड्या विकून तगली.

दुसरा डाव खेळायला घेतला तो जर्मन पँथर रणगाड्यावर. निवड हुशारीची होती. पँथरचं धड म्हणजे उतरत्या, सपाट पत्र्यांचा खोका. जहाजाच्या वक्र कडांपेक्षा साचा कोरायला कितीतरी सोपा. शिवाय दिसायला रुबाबदार. पेटीवरचं चित्र काढलं शिगेरू कोमात्सुझाकी यांनी. मुलांच्या मासिकांतल्या त्यांच्या युद्धचित्रांवर जपानची एक पिढी वाढली होती, त्यामुळे पेटी उघडण्याआधीच निम्मं काम झालेलं असे. १९६१ च्या अखेरीस हा पँथर आला.

आणि तो चालायचा. पोटात मोटर, रबरी पट्टे. बटण दाबलं की उशी-चादरीचे डोंगर चढायचा. खेळणं आणि प्रतिकृती यांच्यात तेव्हा अजून भिंत उभी राहिली नव्हती. मोटरला वीज हवी, म्हणजे सेल हवेत. रिमोटमधला पेन्सिल सेल आणि मोठ्या टॉर्चमधला जाडा सेल, यांच्या मधल्या आकाराचे दोन सेल धडात मावतील एवढा रणगाडा करायचं ठरलं. माप वगैरे नंतरची गोष्ट. किट तुफान खपलं, तसा शुन्साकूंच्या मनात विचार आला की इतर देशांचे रणगाडेही याच मापात काढावेत. मग त्यांनी स्वतःच्याच पँथरला पट्टी लावली. खऱ्याच्या तुलनेत तो साधारण पस्तिसावा हिस्सा भरला. शुन्साकूंनी ही हकीकत आपल्या आठवणींत स्वतःच सांगितली आहे आणि हे माप काहीसं अवघड, अपघातानं आलेलं असल्याचंही मोकळेपणानं कबूल केलं आहे. असा मालक विरळा. दुसऱ्या कुणी ‘दीर्घ संशोधनानंतर’ असं लिहून ठेवलं असतं.

अपघातानं आलेलं माप रुजलं ते मात्र अपघातानं नाही. १९६८ मध्ये तामियानं ‘मिलिटरी मिनिएचर’ ही माला सुरू केली आणि पहिल्या पेटीत रणगाडा नव्हताच, माणसं होती. जर्मन रणगाड्यांवरचे सैनिक, प्रत्येकी पाचेक सेंटिमीटर उंचीचे. त्यानंतर छोट्या गाड्या, तोफा, पिंपं, पोती. एकदा एवढा संसार १/३५ मध्ये जमला की घरच्या कपाटात दुसऱ्या मापाचा रणगाडा उपरा वाटू लागतो. अमेरिकेची मोनोग्राम कंपनी १/३२ मध्ये रणगाडे काढत होती. शिशाच्या जुन्या शिपायांच्या मापाशी ते जुळायचे आणि हिशेबालाही सोपे होते. तरी मैदान जपान्यांच्या बेहिशेबी आकड्यानंच मारलं. इटलीतल्या आणि पुढे कोरिया, हाँगकाँगमधल्या कंपन्यांनीही तोच धरला.

यात एक गंमत आहे, आणि ती ठाऊक असलेले आजही जुनं किट हातात आलं की तळ उलटा करून बघतात. त्या काळच्या साच्यांत मोटरच्या बटणासाठी, दातेरी चाकांच्या पेटीसाठी तळाला भोकं पाडलेली असत. पट्ट्यांच्या वरच्या बाजूला धडाचा तळच नसे, कारण तिकडे कुणाचं लक्ष जाणार? पुढे मोटरी गेल्या. साचे मात्र तेच राहिले. मग कित्येक वर्षं जगभरचे छांदिष्ट प्लास्टिकचे पातळ पत्रे कापून, पुटी भरून, पॉलिश पेपरनं घासून ही भोकं बुजवत राहिले. ज्या मोटरमुळे माप ठरलं, तिच्याच खुणा पुसण्यात लोकांच्या सुट्ट्या गेल्या.

खेळण्याची प्रतिकृती झाली ती याच घासाघाशीत. १९६६ मध्ये शुन्साकू अमेरिकेतल्या अ‍ॅबरडीनच्या लष्करी संग्रहात गेले आणि उघड्यावर मांडलेल्या रणगाड्यांचे ढिगानं फोटो काढून आणले. वरून, बाजूनं, जमिनीला पाठ टेकून खालून. तोवर पुस्तकातल्या अंधूक छायाचित्रांवर भागवलं जाई. आता बोल्ट मोजता येऊ लागले, आणि बोल्ट मोजता आले की मोजणारे येतातच. खिळ्यांची संख्या चुकली म्हणून तक्रार करणारी ही मंडळी चेष्टेचा विषय असतात. पण पुढच्या साच्यांत खिळे बरोबर आले, याचं थोडं श्रेय त्यांनाही द्यायला हवं.

रंगाची कथा वेगळी, आणि कारखान्यापेक्षा माणसांची. रंगवायचं म्हणजे हिरवा डबा उघडायचा आणि फासायचा, असं बराच काळ चाललं. तसा रंगवलेला रणगाडा खेळणंच दिसतो. कारण असं, की आकार पस्तिसावा झाला तरी उजेड पस्तिसावा होत नाही. खऱ्या रणगाड्यावर तीन सेंटिमीटरचा बोल्ट उन्हात सावली पाडतो. प्रतिकृतीत तोच बोल्ट मिलिमीटरभरही नसतो. त्याची सावली डोळ्याला दिसतच नाही, म्हणून ती रंगवावी लागते. चित्रकाराचं काम इथे सुरू होतं.

सत्तरच्या दशकात शिकागोच्या शेपर्ड पेन यांनी ही गोष्ट हजारो मुलांना घरबसल्या शिकवली. मोनोग्रामच्या किटांसाठी त्यांनी देखावे बनवले आणि ते कसे केले हे सांगणारी पत्रकं पेटीतच मिळू लागली. मोडकी भिंत, चिखल, दमलेला शिपाई. एकटा रणगाडा गोष्ट सांगू लागला. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी त्यानंतर एक खास पद्धत लोकप्रिय केली. आधी ‘वॉश’, म्हणजे गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून सोडायचा. तो खाचांतून, बोल्टांच्या बुडाशी आपसूक ओढला जातो आणि सावली तयार. मग ‘ड्रायब्रश’, म्हणजे ब्रशला फिकट रंग लावून तो फडक्यावर जवळजवळ पुसून टाकायचा आणि कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. कडा उजळतात. ज्यानं पहिल्यांदा हे केलं आणि राखाडी प्लास्टिक एकाएकी लोखंड झालेलं पाहिलं, त्याची त्या रात्रीची झोप गेली असं समजायला हरकत नाही.

अति झालं तसं त्याचंही हसू झालं. ऐंशीच्या दशकातले काही रणगाडे असे चकाकतात की जणू कडांना चुना लावलाय. या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या मिग हिमेनेस यांच्यासारख्यांनी खेळ पुन्हा बदलला. एकाच हिरव्याच्या फिकट-गडद छटा एअरब्रशनं पत्र्यागणिक फवारायच्या, वर सुक्या रंगाची धूळ. खरचटलेल्या रंगासाठी केसांचा स्प्रेसुद्धा कामाला आला. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे, त्यावर वरचा रंग. मग ओला ब्रश फिरवला की खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग खऱ्यासारखा पोपडे धरून निघतो. टीकाकार म्हणतात, लढाईतला रणगाडा गंजायला वेळ कुठे होता, तो त्याआधीच उडायचा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण गंज सुंदर दिसतो आणि छंदात तेवढं कारण पुरतं.

शुन्साकू तामिया जुलै २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत गेले. त्यांच्या कंपनीनं पँथर मधल्या काळात अनेकदा नव्यानं काढला. पट्टी लावून, बोल्ट मोजून, बहुतेक वेळा बिनमोटरचा. माप १/३५.

इकडे अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून देशोदेशींचे रणगाडे झाडांच्या सावलीत उभे आहेत. त्यांत सेंच्युरियनही आहे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यावर शेवटपर्यंत लढले, तोही सेंच्युरियनच. किटांच्या बहुतेक पेट्यांत या रणगाड्याच्या ब्रिटिश किंवा इस्रायली खुणा मिळतात. भारतीय हवा असेल तर आकडे नि अक्षरं स्वतःच्या हातानं काढावी लागतात, आणि मग मापंही आलीच. खरी रुंदी ३.३९ मीटर, भागिले पस्तीस, म्हणजे ९.७ सेंटिमीटर. दोन्हीकडचे पट्टे वजा केले की मधे सहाएक सेंटिमीटर उरतात. मधल्या आकाराचे दोन सेल शेजारी-शेजारी ठेवले, तर जेमतेम मावतात.