एकसरचे वीरगळ

बोरिवली स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे गेलें म्हणजे एकसर लागतें. आतां हें गांव उपनगरांत पुरतें मिसळून गेलें आहे. परंतु तेथील जुने वीरगळ अद्यापि उभे आहेत. रणांत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ जी कोरीव शिळा उभारीत तिला वीरगळ म्हणतात. असे वीरगळ महाराष्ट्रांत गांवोगांवीं आढळतात. एकसरचें वैशिष्ट्य हें कीं, तेथील कांहीं शिळांवर समुद्रांतील लढाई कोरलेली आहे. तळाच्या पट्टींत वल्हीं लावलेलीं लढाऊ गलबतें आणि त्यांवरील सशस्त्र योद्धे. वरच्या पट्ट्यांत वीरांस स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा. आणि त्याहूनहि वर शिवाची पूजा.

श्रोतेहो, या लढाईंत कोण कोणाशीं लढलें असेल? मध्ययुगांतील लढाई म्हटली कीं एका बाजूस हिंदु राजा व दुसऱ्या बाजूस सुलतान, असें चित्र आपल्या मनांत आपोआप उभें राहतें. शाळेंत इतिहास शिकवितांना मुलांकडून हेंच उत्तर मला अनेकदां मिळालें. परंतु एकसरच्या शिळांना तें लागू पडत नाहीं.

त्या काळीं उत्तर कोकणावर शिलाहारांचें राज्य होतें. अंबरनाथचें शिवमंदिर त्यांच्याच अमदानींत, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्यें पूर्ण झालें. ठाणें, सोपारें, चौल यांसारख्या बंदरांतील व्यापार व जकात हा त्यांच्या वैभवाचा पाया. या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर. उरणजवळ चांजें येथें त्याचा १२६० चा शिलालेख सांपडला आहे. इकडे घाटावर देवगिरीस यादव महादेव १२६१ मध्यें गादीवर आला, आणि त्याची दृष्टि या समृद्ध किनाऱ्याकडे वळली. जमिनीवर यादवांच्या गजदळापुढें टिकाव लागेना, तेव्हां सोमेश्वरानें गलबतांचा आश्रय केला. यादवांनीं समुद्रांतहि पाठलाग केला, आणि १२६५ च्या सुमारास सोमेश्वर सागरांतच नाश पावला. यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें आपल्या ग्रंथाच्या प्रशस्तींत हा प्रसंग मोठ्या अभिमानानें वर्णिला आहे. एकसरच्या शिळा याच युद्धाच्या, असें कित्येक संशोधकांचें मत आहे. कांहीं त्यांचा काळ आणखी मागें, अकराव्या शतकांत नेतात. कोणतेंहि मत घेतलें तरी त्या सुलतानशाहीच्या आगमनापूर्वींच्याच ठरतात. हरणारा शिवभक्त, जिंकणाराहि हिंदूच. वाद धर्माचा नव्हता, किनाऱ्याचा होता.

या विजयाचें फळ यादवांस किती काळ चाखावयास मिळालें? १२७२ च्या ताम्रपटावरून साष्टींत त्यांचा अधिकारी अच्युत नायक कारभार करीत होता असें दिसतें. पुढें अवघ्या चोवीस वर्षांनीं, १२९६ मध्यें, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीच्या वेशीशीं येऊन ठेपला. यादवांचें मुख्य सैन्य दूर गेलेलें. रामदेवरावास अपार खंडणी देऊन तह करावा लागला. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. १३०७-०८ मध्यें मलिक काफूरनें रामदेवरावास दिल्लीस नेलें. तेथून सन्मानानें परत आल्यावर, काफूर दक्षिणेंतील द्वारसमुद्राच्या होयसळांवर चालून गेला, तेव्हां रामदेवरावानें त्यास साह्य केलें. होयसळ हे यादवांचे पिढीजात वैरी. स्वतःचें स्वातंत्र्य गेलें, तरी शेजाऱ्याचें वैर मात्र गेलें नाहीं! १३१८ पर्यंत यादवांचें राज्यहि लयास गेलें.

मग सुलतान तरी एकोप्यानें नांदले काय? एकसरहून थोडें दक्षिणेस, माहीमकडे पाहूं. १४३० च्या सुमारास माहीम गुजरातच्या सुलतानाकडे होतें. तेथील अंमलदार वारतांच बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार यानें माहीम व साष्टी बळकावली. गुजरातनें दीव, घोघा, खंबायत येथील गलबतें जमवून, जमिनीवरूनहि फौज पाठवून तीं परत घेतलीं. मौज अशी कीं, दोन्ही सुलतानांचें नांव अहमदशहाच! तीच खाडी, तींच बंदरें, तीच जकात. फक्त झेंडे बदलले.

याचा अर्थ धर्माला त्या युद्धांत स्थानच नव्हतें, असा कोणी करूं नये. देवळें लुटलीं गेलीं, फोडलीं गेलीं, प्रजेनें जाच सोसला; हें नाकारणें म्हणजे इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होय. परंतु राज्यें कां बुडालीं हा प्रश्न निराळा, आणि त्याचें उत्तर परकीयाच्या बळांत जितकें आहे तितकेंच शेजाऱ्याच्या मत्सरांत आहे. शिलाहारांस बुडविण्यासाठीं यादवांनीं समुद्रापर्यंत मजल मारली. पण उत्तरेकडून येणाऱ्या वाटांवर त्यांचें लक्ष राहिलें नाहीं.

एकसरच्या शिळांवर जेत्याचें नांव नाहीं, जिताचेंहि नाहीं. तेथें फक्त मरणारे खलाशी व शिपाई आहेत. ज्यांनीं त्या कोरल्या त्यांना स्मरण ठेवावेंसें वाटलें तें त्यांचेंच. आपणहि इतिहास वाचतांना राजांच्या प्रशस्तीबरोबर या अनाम माणसांकडे पाहण्याची संवय ठेवली, तर एकसरच्या शिळा उगीच उभ्या राहिल्या असें होणार नाहीं.