लाडमोडची माती

मी मॅट्रिक. पुढचे कॉलेज नशिबात नव्हते. तरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजाशी आमच्या घराचे नाते आहे असे म्हटले, की शाळेतले पदवीधर सहकारी मिस्किल हसतात. हसोत बापडे! नाते मातीचे आहे.

हे कॉलेज सरकारने 1934 साली बंद केले. माजी विद्यार्थी कोर्टात जाऊन भांडले आणि 1939 साली पदव्युत्तर संशोधनाची संस्था म्हणून ते पुन्हा उघडले. त्याच वर्षी हसमुख सांकळिया आणि इरावती कर्वे तेथे रुजू झाले. शिक्षण चार भिंतींत संपते हे दोघांनाही मान्य नसावे. सांकळियांचे विद्यार्थी एकेक मुलूख, एकेक नदीखोरे पायांखाली घालीत. सुब्बारावांनी बल्लारी धरली, आर. व्ही. जोशींनी मलप्रभा. दगडी हत्यार कुठल्या थरातले, हे नदीच्या दरडीपुढे उभे राहूनच कळते. फळ्यावर काढून दाखवता येत नाही. (फळ्यापुढे वीस वर्षे घालवलेला माणूस हे लिहितो आहे.)

1954 ते 1956 या काळात ही मंडळी आमच्या नेवाशाला आली आणि प्रवरेकाठी लाडमोडच्या टेकाडावर खणू लागली. आजोबा तेथे रोजावर पाटी वाहत. त्यांना नवल वाटे ते पोरांचे. "चांगल्या घरची लेकरं, फी भरून माती चाळायला येत्यात. अन् मला त्याच मातीचा पगार!"

नेवासे म्हणजे ज्ञानेश्वरी, एवढेच आमच्या गावाला ठाऊक. टेकाडात मात्र वर मुसलमानी-मराठा अमदानी, तिच्याखाली सातवाहन, आणि त्याहीखाली तीन हजार वर्षांमागचे, तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांचे गाव निघाले. त्या गावातल्या घरांच्या जमिनीखाली मडकी होती. दोन-दोन, आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. आत लहान मुलांची हाडे.

आजोबांनी रात्री जेवताना हे सांगितले. आजीचे दीड महिन्याचे पोर आदल्याच वर्षी गेले होते. नदीकाठी पुरले होते. ती भाकरी थापता थापता थांबली.

"घरातच ठेवलं होय?"

"घरातच. चुलीपासून चार हातांवर."

"मग ती आई बरी," आजी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण तोंडाला तोंड का लावलं असंल?"

आजोबांनी दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याला तोच प्रश्न केला. "ठाऊक नाही," तो म्हणाला; पण त्याने प्रश्न वहीत टिपून घेतला. आजोबा ही गोष्ट मरेपर्यंत अभिमानाने सांगत. आपल्या बायकोचा प्रश्न कॉलेजच्या वहीत गेला!

पुढे मी मास्तर झाल्यावर मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. तिथल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांतला दोरा टिकला होता. त्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम आढळले.

मी हे आजीला सांगितले. तेव्हा तिची सत्तरी उलटली होती.

"रेशमी?" तिने दोनदा विचारले.

मग उठून तिने ट्रंक उघडली आणि तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली खणाची एक एवढीशी कुंची काढून माझ्या हातावर ठेवली. ती आजोबांनीही कधी पाहिली नव्हती.