खडखड कुठून येते?

1886 हे वर्ष मराठी वाचकाला आनंदीबाई जोशींमुळे माहीत असतं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली. तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या आणि 1888 पर्यंत तिथेच राहिल्या. रमाबाई त्या देशात असतानाच, 28 डिसेंबर 1886 रोजी, इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफीन कॉक्रेन या विधवा बाईंना भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. आपल्याकडे या दुसऱ्या घटनेची कुणाला खबर असण्याचं कारण नव्हतं. इथे भांडी घासायला बायका होत्या आणि राख होती.

कॉक्रेनबाईंच्या आधीही असे प्रयत्न झाले होते. 1850 मध्ये जोएल हॉटन याने हाताने फिरवायचं एक लाकडी यंत्र केलं होतं. त्यात भांड्यांवर पाणी उडायचं, पण भांडी काही निघायची नाहीत. कॉक्रेनबाईंनी कपबश्या आणि ताटल्या मोजल्या, त्या मापाचे तारेचे कप्पे केले, ते तांब्याच्या टाकीतल्या चाकावर बसवले आणि साबणाचं गरम पाणी जोराने भांड्यांवर मारलं. घासण्याऐवजी पाण्याचा मारा, हीच त्यांची खरी युक्ती. आजचा डिशवॉशरही त्याच युक्तीवर चालतो. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं चालू होती. स्वामी विवेकानंदांचं भाषण झालेली सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. यंत्र विकत घेतलं ते मुख्यतः हॉटेलांनी. घरांना किंमत परवडत नव्हती आणि एवढं गरम पाणीही बहुतेक घरांत नसे. 1913 मध्ये त्या वारल्या. पुढे कंपनी होबार्टकडे गेली आणि 1949 मध्ये ‘किचनएड’ नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आला.

त्याच 1949 साली आमच्या वरोऱ्यात बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्याआधी वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी स्वतः डोक्यावर मैला वाहिला होता. हे काम करताना अंगाचं काय होतं, हे वकिलीच्या खुर्चीत बसून कळणारं नव्हतं. वरोऱ्यात वाढलेल्या प्रत्येक मुलाने ही गोष्ट शाळेत ऐकलेली असते. घाण कोण काढतं, हा प्रश्न या गावाला नवा नाही.

आता यंत्राकडे येऊ. आमच्या घरात डिशवॉशर आला तो आईच्या मनगटासाठी. दिवाळीनंतर तो खडखडायला लागला. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरमधले दोष शोधण्याचं. तिथला पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नसतो, ‘कधी बिघडतं’ हा असतो. डिशवॉशरलाही तो लागू पडतो, कारण त्याची कामं ठरलेल्या क्रमाने होतात: पाणी भरणं, ते तापवून फिरवणं, मग निचरा.

सुरुवातीला पाणी भरताना किंवा भरणं थांबताना धाडकन धक्का बसत असेल, तर पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह आणि भिंतीला आपटणारा पाइप पाहावा. पाइप नीट आवळला आणि नळ थोडा कमी केला की बहुतेक वेळा भागतं. धुणं चालू असताना ठराविक अंतराने टक्‌टक् होत असेल, तर फिरणारा फवारा कशाला तरी लागतोय. आपल्याकडे तो सहसा झाऱ्याचा नाहीतर उलथन्याचा दांडा असतो. यंत्र घडलं ताटल्या-कपांच्या मापाने, त्याला आपला गंज आणि कढई कुठून ठाऊक असणार? धुणं चालू असताना सतत बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला, तर पाणी फिरवणाऱ्या पंपाचं बेअरिंग झिजलेलं असू शकतं. ते काम मेकॅनिकचं. आणि खडखड फक्त निचऱ्याच्या वेळी येत असेल, तर निचऱ्याच्या पंपात काहीतरी अडकलंय.

आमची खडखड निचऱ्याच्या वेळची होती. प्लग काढला, तळाचं पाणी वाटीने आणि फडक्याने उपसलं, गाळणी फिरवून वर काढली आणि खालच्या पंपाचं झाकण उघडलं. काचेचा तुकडा असू शकतो, म्हणून बोटांऐवजी चिमटा वापरला. पंपाच्या चक्रीत निघाली सीताफळाची बी. आमच्या भागात त्या दिवसांत सीताफळं घरोघरी असतात. गाळणी धुवायला काढली की खालचं तोंड उघडं पडतं आणि अशी एखादी बी घरंगळत आत जाते. तेवढ्यात फवाऱ्याची भोकंही टाचणीने मोकळी केली. बोअरच्या जड पाण्यातला क्षार त्यांत साचला होता. यंत्रात मीठ घालायचं ते याच क्षारासाठी. आतल्या रेझिनने पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवायचं आणि मिठाच्या पाण्याने ते रेझिन पुन्हा ताजं करायचं, अशी ती सोय असते.

यंत्रात घालायच्या पावडरीत बराचसा भाग धुण्याच्या सोड्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा असतो. चुलीतल्या लाकडाच्या राखेत त्याचं भावंड असतं, पोटॅशियम कार्बोनेट. दोन्ही अल्कली, दोन्ही तेलकटपणा सोडवतात. या सोड्याला कारखान्यात आजही ‘सोडा अ‍ॅश’ म्हणतात. आजी राखेने घासायची तेव्हा अर्धं काम हेच रसायन करायचं. उरलेलं अर्धं तिचा हात आणि नारळाची शेंडी.

तो हात मात्र कुणाच्या हिशोबात नव्हता. भांडी घासायची जागा मोरीत किंवा मागच्या अंगणात, स्वयंपाकघराला लागून पण त्याच्या बाहेर. जुन्या सोवळ्याच्या घरांत कामवालीने घासलेली भांडी पुन्हा पाण्यातून काढून मगच आत घेत. म्हणजे खरकटं तिने काढायचं आणि विटाळही तिचाच. हा आवाज घराबाहेर ऐकू आला तो उशिरा. 1980 मध्ये पुण्यातल्या घरकामगार बायकांनी काम थांबवलं आणि त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला 2008 उजाडलं.

मग 2020 ची टाळेबंदी आली. सोसायट्यांची फाटकं कामवाल्या बायकांसाठी बंद झाली, कित्येकींचे पगारही थांबले आणि मध्यमवर्गीय घरांत डिशवॉशरची चौकशी सुरू झाली. यंत्र अनेक वर्षं बाजारात होतं. आपल्याला त्याची गरज पहिल्यांदा वाटली ती स्वतःचे हात ओट्याशी गेल्यावर.

डिशवॉशरबरोबर घरातले पुरुषही भांड्यांपाशी आले, हे मी आमच्याकडे आणि मित्रांकडे पाहतो आहे. जन्मात एक वाटी न विसळलेला काका खालच्या कप्प्यात कढई कशी तिरपी लावावी यावर अर्धा तास बोलतो. भांडी घासणं हे काम होतं तोवर ते बायकांचं होतं. त्याचं तंत्र झालं आणि ते सगळ्यांचं झालं. मी पंप उघडला याचं आमच्याकडे चार दिवस कौतुक झालं. आईने तीस वर्षं रोज दोन वेळा भांडी घासली, त्याचं कौतुक झाल्याचं मला आठवत नाही.

त्यात खुपणारी गोष्ट निदानाची आहे. यंत्र खडखडलं की आपण त्याच आठवड्यात विचारतो: कधी, कुठे, किती वेळ? मनगट दुखतं म्हटलं की बाम देतो. खरं तर प्रश्न तेच लागतील. दुखणं सकाळी की रात्री? पिळताना की घासताना? उकिडवं बसून की उभ्याने? दिवसाला किती घरं, थंडीत गार पाण्यात किती तास, महिन्यात सुट्टी किती? कामाला येणाऱ्या मावशींना यातला एक तरी प्रश्न विचारला, तर उत्तर मिळायला पंप उघडावा लागत नाही. आणि दुरुस्तीही बहुधा आपल्या हातात असते: गरम पाणी, बसायच्या उंचीचा पाट, पगारी रजा, म्हातारपणी काम सुटताना हातावर ठेवायची रक्कम. बीसारखं चिमट्याने काढून संपणारं हे दुखणं नाही. वर्षानुवर्षं साचलेल्या क्षारासारखं ते आहे आणि क्षार काढायचा तर हात नेमाने लावावा लागतो.