मस्टरवर नसलेली माणसं

दिएगो गार्सिया हे नाव आपण पेपरात वाचतो. कन्याकुमारीच्या दक्षिणेला अठराशे किलोमीटरच्या आसपास, हिंदी महासागराच्या मधोमध एक प्रवाळाचं बेट. तिथं अमेरिकेचा लष्करी तळ. त्या तळामुळं म्हणे सगळ्या टापूची सुरक्षा राखली जाते. कुणाची, ते कुणी लिहीत नाही. शहाणी माणसं विमानं मोजतात, बोटी मोजतात. मी साचेखात्यातला माणूस, मला आधी मस्टर बघायची खोड.

तर मस्टर बघू. या चागोस बेटांवर अठराव्या शतकाच्या शेवटाला फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर, मोझांबिककडचे गुलाम आणून नारळ लावले. १८३५ साली गुलामी कायद्यानं उठली. मग गिरमिटावर हिंदुस्थानातले मजूरही आले. या सगळ्यांचे मिळून इल्वा लोक झाले, म्हणजे बेटकरी. नारळ फोडायचा, खोबरं वाळवायचं, मासे धरायचे. मळा मालकाचा, दुकानही मालकाचं. सुखाचं राज्य होतं असं मी म्हणणार नाही. पण पिढ्यान् पिढ्या तिथंच जन्मल्या आणि तिथल्याच वाळूत पुरल्या.

मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायच्या आधीच ८ नोव्हेंबर १९६५ ला ब्रिटननं ही बेटं त्याच्यापासून कापून काढली आणि नवी वसाहत केली. जगभर वसाहती मोडत होत्या तेव्हा ही नवीकोरी! मॉरिशसच्या हातावर ३० लाख पौंड ठेवले. १९६६ च्या डिसेंबरात अमेरिकेशी पन्नास वर्षांचा करार. वरून भाडं काही नाही, आतून पोलारिस क्षेपणास्त्रांच्या हिशेबात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट.

अडचण राहिली माणसांची. वसाहतीत कायमची वस्ती असली तर युनोला जाब द्यावा लागतो. साहेबांनी तोड काढली, कायमची वस्ती नाहीच म्हणायचं. सगळे कंत्राटी मजूर. १९६६ च्या एका सरकारी टिपणात या माणसांना टारझन आणि मॅन फ्रायडे म्हटलंय, तेही चेष्टेत. बदली कामगार म्हणजे काय हे गिरणीवाल्याला सांगायला नको. वीस वर्षं त्याच साच्यावर घाम गाळा, कागदावर तुम्ही आज सकाळी आलेले. इथं अख्ख्या पिढ्याच बदलीत धरल्या.

मग हुसकणं सुरू झालं. औषधपाण्याला मॉरिशसला गेलेल्यांना १९६८ पासून परतीची बोट मिळेना. मळ्यावरचा शिधा आटवला. १९७१ मध्ये कायदा केला, परवान्याशिवाय बेटावर राहणं गुन्हा. त्यांची कुत्री खोबरं वाळवायच्या भट्टीत कोंडून गाड्यांच्या धुरानं मारली. ती पाळणारी माणसं अजून बेटावरच होती. त्यांनी काय समजायचं ते समजलं. १९७३ पर्यंत सगळी बेटं रिकामी, दीड ते दोन हजार माणसं बाहेर. त्या साली पोर्ट लुईच्या धक्क्यावर 'नॉर्डव्हेर' बोटीतल्या लोकांनी उतरायचंच नाकारलं. उतरून करणार काय? नारळ फोडणाऱ्याला शहरात कोण विचारतो! आपल्या रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसंही एकेकाळी गिरमिटावर मॉरिशसलाच उतरली, त्यांना निदान उसाच्या मळ्यात काम होतं. इल्वांना रोश ब्वा, कासीसारख्या वस्त्यांत पत्र्याची खोली.

लढल्या त्या बाया. शार्लेसिया अलेक्सी, लिझेट तालात आणि त्यांच्या जोडीच्या. उपास केले, मोर्चे काढले, अटक झाल्या. १९८२ ला ४० लाख पौंड सुटले, पण पैसे देताना परत जायचा हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठे घेतले. कागद इंग्रजीत. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा अंगठा म्हणजे काय ते.

आता सुरक्षेचं बघू. १६ डिसेंबर १९७१ ला युनोच्या आमसभेनं हिंदी महासागर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली, आणि आपल्याला धाक घालायला अमेरिकेची 'एन्टरप्राइज' बंगालच्या उपसागरात आलेली. ठराव कागदावर राहिला. रशियाची जहाजं फिरतात म्हणून अमेरिकेनं तळ वाढवायचा, तळ वाढला म्हणून रशियानं सोमालियात बर्बेराला, नंतर एडनला पाय रोवायचे. दोघंही एकमेकांकडं बोट दाखवत मोठे झाले. रशिया मोडला, तळ राहिला. १९९१ ला इराक, २००१ ला अफगाणिस्तान, २००३ ला पुन्हा इराक, बॉम्बफेकी विमानं या धावपट्टीवरून उडाली. पकडलेल्या माणसांना गुपचूप नेणारी विमानं २००२ साली दोनदा इथं उतरली, हे ब्रिटनला २००८ मध्ये कबूल करावं लागलं. तळाची बाजू घेणारे म्हणतात, बोटींचे मार्ग राखले जातात, तेल वेळेवर येतं. येत असेल. तेल आपणही जाळतो. बगदाद-काबूलच्या माणसाला मात्र ही राखण डोक्यावर बॉम्ब होऊनच भेटली.

इंदिरा गांधींच्या काळात भारत या तळाविरुद्ध बोलायचा. २०२४ च्या फेब्रुवारीत मात्र मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारतानं बांधलेल्या धावपट्टीचं आणि धक्क्याचं उद्घाटन झालं. लष्करी तळ नव्हे, असं दोन्ही सरकारं सांगतात. तिथं तीनेकशे लोक राहतात. चागोस आणि अगालेगाचे मळे एकाच कंपनीचे होते, तेव्हा बेट कसं रिकामं करतात ही गोष्ट त्यांना परकी नाही.

इल्वा २००० साली लंडनच्या कोर्टात जिंकले. २००४ ला राणीच्या हुकमानं ते जिंकणं पुसलं, २००८ ला वरच्या कोर्टानं तीन विरुद्ध दोन मतांनी हुकूम उचलून धरला. मधेच २००६ साली शंभरेक जणांना बोटीनं नेऊन काही तास कबरी साफ करू दिल्या आणि परत आणलं. २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की बेटं तोडली तीच बेकायदा. २२ मे २०२५ ला ब्रिटन-मॉरिशस करारावर सह्या झाल्या: बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड भाडं. बाकीच्या बेटांवर वस्ती करता येईल, दिएगो गार्सियावर नाही. त्या वाटाघाटीत इल्वांना खुर्ची नव्हती.