वेताळ मुंबईचा, नागराज दिल्लीचा

अमेरिकेतल्या कॉमिकच्या दुकानांत बुधवार हा नव्या अंकांचा दिवस. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन यांचे ताजे अंक त्या दिवशी मांडले जातात आणि आठवडा सरायच्या आत समीक्षक त्यांचा हिशेब मांडून मोकळे होतात: कोणाची कथा रेंगाळली, कोणाचं चित्र घसरलं, कोणता खलनायक उगाच परत आला. मराठीत असं साप्ताहिक परीक्षण लिहायला बसलं, तर समोर ठेवायला अंकच नाहीत. एके काळी मात्र ते होते. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. आधी मासिक, मग पाक्षिक आणि १९८०च्या दशकात साप्ताहिक अशी त्याची चाल वाढत गेली. इंग्रजी, हिंदी, मराठीसह अनेक भाषांत ते निघालं आणि सुमारे ८०० अंकांनंतर १९९० मध्ये बंद पडलं. त्यानंतर मराठीत वीरनायकाचं इतकं नियमित आणि इतकं दीर्घायुषी कॉमिक उभं राहिलं नाही. असं का झालं, याचं ठरलेलं उत्तर ‘टीव्ही आला’ हे आहे. ते उत्तर अपुरं आहे असं माझं म्हणणं आहे. मराठीला वाचकांची वाण नव्हती आणि चित्रकारांचीही नव्हती. नव्हती ती नायकाची मालकी, आणि नायकाला गावापर्यंत नेणारी स्वतःची वाट.

ही गोष्ट मुंबई-पुण्यातून पाहिली की नीट दिसत नाही. तिथे अंक कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे मिळत होता, त्यामुळे तो कुठून येतो हा प्रश्न कोणाला पडायचं कारण नव्हतं. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीवरून पाहिलं की तो प्रश्न आपोआप पडतो. मुंबईपासून रस्त्याने ६०० किलोमीटरहून लांब, पैनगंगेच्या अलीकडचा हा वऱ्हाडचा टोकाचा भाग. नदी ओलांडली की माहूर, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख. आणि रेल्वे? यवतमाळला मूर्तिजापूरहून येणारी अरुंद मापाची ‘शकुंतला’ होती, तिकडे किनवटला मुदखेड-आदिलाबाद मार्ग, पश्चिमेला हिंगोली-वाशिमवरून जाणारा पूर्णा-खांडवा मार्ग. पुसद, उमरखेड, महागाव हा सगळा पट्टा या तिन्हींच्या मधल्या पोकळीत राहिला. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम अजूनही पुरं व्हायचं आहे. नियतकालिकांचा धंदा त्या काळी स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर आणि रेल्वेने येणाऱ्या गठ्ठ्यांवर चालत असे. ज्या गावाला स्टेशन नाही, तिथे गठ्ठा एसटीच्या टपावरून येणार, तोही एजंटाला परवडला तर. आठवडी बाजारावरून आठवडा मोजणाऱ्या गावांना साप्ताहिक कॉमिकचा ‘या आठवड्याचा अंक’ ही कल्पनाच परकी होती. तिथला वाचक हाती लागेल तो अंक ‘ताजा’ समजून वाचणार, मग तो गेल्या वर्षीचा का असेना.

आता त्या अंकात काय होतं ते जवळून पाहू. पहिला नायक वेताळ, म्हणजे ली फॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांसाठी जन्माला घातलेला फँटम. त्याच्यापाशी दैवी शक्ती नाही. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कवटीच्या खुणेची अंगठी आणि बापाकडून मुलाकडे आलेली शपथ एवढंच त्याचं भांडवल. हा सुपरहिरोच नव्हे, असा आक्षेप जाणकार घेतात. पण तंग पोशाख, मुखवटा आणि दुहेरी ओळख हा साचा त्याने सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी रूढ केला, आणि भारतीय वाचकाला ‘असा नायक’ पहिल्यांदा ठळक भेटला तो त्याच्याच रूपात. भारतीय आवृत्तीत त्याच्यावर बारीक शस्त्रक्रिया झाली होती. मूळ कथेतलं ‘बेंगाला’ इथे ‘डेंकाली’ झालं, चाच्यांच्या टोळीच्या नावातलं ‘सिंग’ बदलून ‘सिंगा’ झालं. भारतीय वाचक दुखावू नये म्हणून. म्हणजे संपादकांना इथल्या वाचकाची जाणीव होती. पण ती खोडाखोड करण्यापुरतीच चालली. चित्रं सगळ्या भाषांना एकच असत. फुग्यांतला मजकूर तेवढा भाषेप्रमाणे बदलायचा. या व्यवस्थेत मराठी आवृत्ती काढणं स्वस्त पडे, कारण चित्रकाराचा खर्च नाही, कथालेखकाचा नाही. मात्र जी आवृत्ती जोडायला इतकी सोपी, ती तोडायलाही तितकीच सोपी. मालकाने हिशेब मिटवला की मराठी वेताळ मिटला. त्याला वाचवायला मराठीत कोणी लेखक, कोणी चित्रकार, कोणी हक्कदार नव्हता. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ हा भारतीय नायक इंद्रजालला दिला. भगवा कुडता आणि जीन्स घातलेला, डाकूचा मुलगा असून डाकूंशी लढणारा. तो लोकप्रियही झाला. पण त्याचं जयगढ चंबळच्या डाकूंच्या जगातलं होतं, आणि मराठीत तोही अनुवादानेच आला.

मराठी वाचकाला असा नायक पेलत नव्हता, असं कोणी म्हणू नये. चित्रांशिवायचे मुखवटाधारी नायक मराठीत भरपूर होते. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांनी काही पिढ्यांना झोपू दिलं नाही, आणि अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर जाते. त्यांच्यामागून आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. त्यांचे गोलंदाज, शिलेदार, कॅप्टन दीप १९७०च्या दशकात भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून अखंड फिरत होते. नव्या पुस्तकाची वाट पाहणं, आलं की रांगेत नंबर लावणं, एका रात्रीत संपवून परत करणं, ही ‘नवा अंक’ नावाची रीत मराठीने पचवलेलीच होती. चित्रकारही होते. ‘अमर चित्र कथा’ १९६७ पासून उभी राहिली ती मोठ्या प्रमाणात मराठी हातांवर: राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम. याच मुळीकांनी पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराज रंगवला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या नागराजाला संजय अष्टपुत्रे आणि प्रताप मुळीक या मराठी चित्रकारांनी घडवलं, आणि हिंदीतला तो सर्वांत गाजलेला सुपरहिरो झाला. सर्पशक्ती असलेला हा नायक महाराष्ट्रात चितारला गेला, दिल्लीत छापला गेला आणि हिंदीत वाढला. मराठीकडे कारागीर होता, कारखाना दुसऱ्याचा होता.

आता टीव्हीचा मुद्दा. ‘रामायण’ जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालं, ‘महाभारत’ त्याच्या पुढच्या वर्षी. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. तारखा जुळतात म्हणून कारण सापडलं असं वाटतं. पण नेमक्या याच वर्षांत नागराज आणि त्याच्या मागोमाग १९८७ मध्ये आलेला सुपर कमांडो ध्रुव यांची भरभराट झाली. त्यांचे वाचकही रविवारी सकाळी टीव्हीसमोरच बसत होते. मराठीतलाच दाखला हवा असेल तर चिंटूचा घ्यावा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, म्हणजे इंद्रजाल संपल्यावर वर्षभराने आणि केबल टीव्ही दारात उभा असताना. तो वर्षानुवर्षं चालला, पुस्तकांत गेला, २०१२ मध्ये पडद्यावरही गेला. चिंटू काही सुपरहिरो नव्हे. आळीतला खोडकर पोरगा. पण त्याचे जन्मदाते मराठी, त्याचं वृत्तपत्र मराठी, आणि वृत्तपत्राबरोबर तो रोज घरात पोचत होता. मालकी आणि वाट दोन्ही हातात असल्या, तर टीव्हीच्या काळातही मराठी चित्रनायक जगतो, एवढं त्यावरून नक्की सिद्ध होतं.

दुसरा आक्षेप बाजारपेठेचा. हिंदीचा वाचकवर्ग अवाढव्य, मराठीचा त्या मानाने लहान. रंगीत छपाईचा खर्च लहान भाषेला झेपत नाही, असं म्हटलं जातं. यात तथ्याचा अंश आहे, पण शेजारच्या भाषांकडे पाहिलं की तो अंश फार लहान ठरतो. बंगालीत नारायण देबनाथ यांचा ‘बांटुल द ग्रेट’ १९६५ पासून ‘शुकतारा’ मासिकात येत राहिला. गुलाबी बनियनातला हा गोळीला न जुमानणारा पहिलवान बंगाली गल्लीत राहतो आणि बंगाली पोरांच्या खोड्या निस्तरतो. मल्याळम बोलणारे मराठीपेक्षा कमी, तरी ‘बालरमा’ या मुलांच्या नियतकालिकात १९८४ पासून ‘मायावी’ची चित्रकथा सुरू झाली आणि दशकानुदशकं टिकली, मागे मलयाळ मनोरमा हा केरळचाच वृत्तपत्रसमूह होता. या दोन्ही ठिकाणी नायक त्या भाषेतल्या प्रकाशनाचा होता आणि त्या प्रकाशनाच्या गठ्ठ्याबरोबरच खेड्यात जात होता. आपल्याकडे ‘चांदोबा’ मद्रासहून आला, वेताळ मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रसमूहाकडून, चाचा चौधरी दिल्लीहून. पाहुणा कितीही लाडका झाला, तरी घराच्या खर्चाचा निर्णय त्याच्या हाती नसतो. भाषेच्या आकारापेक्षा हा फरक निर्णायक ठरला.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. मराठी घरांत कॉमिक म्हणजे अभ्यासाचं खोबरं करणारी गोष्ट, असा शिक्का होता. तो हिंदी घरांतही होता आणि बंगाली घरांतही, म्हणून त्यानेच मराठी कॉमिक मारलं असं म्हणता येत नाही. पण या शिक्क्याने एक वेगळं नुकसान केलं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याच्या आधाराने गावोगाव अनुदानित वाचनालयं उभी राहिली. त्यांचा कारभार दाखल नोंदवहीवर चालतो. पुठ्ठ्याचं, पाठीला क्रमांक चिकटवता येईल असं पुस्तक त्या वहीत चढतं. स्टेपलच्या दोन पिना मारलेलं पातळ कॉमिक नियतकालिक ठरतं आणि वर्षाअखेरीला रद्दीत जातं. खेड्यातल्या मुलाला फुकट अंक मिळण्याची जी एकच सार्वजनिक जागा होती, तिथे त्याचा नायक टिकून राहण्याची सोयच नव्हती. आज मराठी इंद्रजालचे अंक शोधायला गेलं तर ते जुन्या अंकांच्या संग्राहकांकडे भारी किमतीला मिळतात. सार्वजनिक संग्रहात त्यांची पूर्ण मालिका पाहायला मिळणं दुर्मीळ.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो विदर्भातूनच येतो. इथल्या मुलांना हिंदी सहज येते. १९५६ पर्यंत हा मुलूख मराठी-हिंदी अशा दोन भाषांच्या मध्य प्रांतात आणि नंतर मध्य प्रदेशात होता, नागपूर ही त्याची राजधानी. आणि महागाव-पुसद पट्ट्यात वऱ्हाडी, बंजारा बोली, दखनी हिंदी शेजारी शेजारी नांदतात. मग नागराज हिंदीत वाचला तर बिघडलं कुठे? वाचनाच्या दृष्टीने काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते कथेच्या भूगोलाचं. वेताळ डेंकालीच्या जंगलात, बहादूर जयगढात, ध्रुव राजनगरात. यांतल्या एकालाही कापसाची खेडा-खरेदी, सावकार, पैनगंगेचा पूर ही संकटं ठाऊक नाहीत. नायक कोणत्या संकटावर धावून जातो, हे त्याचा मालक कुठे बसतो त्यावर ठरतं. बांटुल बंगाली आळीसाठी धावतो. वऱ्हाडासाठी धावणारा कोणी चितारलाच गेला नाही. आणि उडण्याची भूक इथे नव्हती असं म्हणायची सोय फुलसावंगीने ठेवलेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये या गावातल्या २४ वर्षांच्या, शाळा आठवीत सुटलेल्या वेल्डिंग कारागिराने स्वतः जोडलेलं एका माणसाचं हेलिकॉप्टर चालवून पाहिलं आणि पात्याचा घाव लागून त्याचा जीव गेला. बातम्यांत सांगितलं गेलं, की त्याला प्रेरणा एका हिंदी चित्रपटातून मिळाली आणि रचना त्याने इंटरनेटवरच्या चित्रफिती पाहून शिकून घेतली. त्या मृत्यूला रूपक करणं बरं नव्हे. पण त्यातून एक उघड वस्तुस्थिती समोर येते: या गावात साहसाची कल्पना पोचते, ती पडद्यावरून आणि हिंदीतून पोचते. मराठी छापील पान त्या वाटेवर कुठेच नसतं.

तेव्हा मराठी सुपरहिरो मेला, हे म्हणणं चूक आहे. तो मराठीत कधी कोणाच्या मालकीचा झालाच नाही. आता यावर उपाय मोठे नाहीत, पण ठरवून करण्यासारखे आहेत. मराठी वृत्तपत्रांनी रविवारच्या पुरवणीतलं एक पान मराठी लेखक आणि चित्रकाराच्या नायकाला सलग काही वर्षं द्यावं, आणि हक्क त्या दोघांकडे ठेवावेत. वृत्तपत्र आज फुलसावंगीसारख्या गावांतही जातं. नव्या वितरणाची गरज नाही. आणि अनुदानित वाचनालयांनी जुने मराठी कॉमिक अंक पुठ्ठा-बांधणी करून दाखल नोंदवहीत चढवावेत. ज्यांच्या माळ्यावर इंद्रजालचे गठ्ठे पडले आहेत, त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्याआधी गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला दाखवावेत.