गर्भिणीचा ग्रंथ नेमका कोणाशी बोलतो?

सुश्रुतसंहितेची सुरुवातच काशीच्या नावाने होते. काशिराज दिवोदास वानप्रस्थाश्रमात बसला आहे आणि औपधेनव, वैतरण, औरभ्र, सुश्रुत असे शिष्य त्याच्याकडे आयुर्वेद शिकायला आले आहेत. या कथेतला इतिहास किती आणि परंपरा किती, हा वाद बाजूला ठेवू. याच ग्रंथाच्या शारीरस्थानाचा दहावा अध्याय गर्भिणीला वाहिलेला आहे आणि गरोदरपणावरच्या आजच्या अनेक पुस्तकांची वंशावळ तिथवर नेली जाते. पहिल्या महिन्यांत गोड, थंड, पातळ अन्न, तिसऱ्यात साठेसाळीचा भात दुधाबरोबर, सहाव्यात गोखरूने सिद्ध केलेले तूप, नवव्यात सूतिकागारात प्रवेश, असा महिन्यामहिन्याचा क्रम त्यात आहे. बाळंतपणाच्या वेळी जवळ कोणी असावे तर चार वयस्क, बाळंतपणात मुरलेल्या आणि नखे कापलेल्या बायका! जंतूंची कल्पना नसलेल्या काळात कापलेल्या नखांचा हा आग्रह निरीक्षणातूनच आलेला असणार. पण वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. तिला हे द्यावे, तिला तिकडे नेऊ नये, तिचे डोहाळे पुरवावेत, अशी सगळी भाषा तृतीय पुरुषी आहे. ऐकणारा शिकाऊ वैद्य आहे. जिच्याबद्दल एवढे बारकाईने सांगितले आहे, ती या संभाषणात हजर नाही.

काशीतच लिहिल्या गेलेल्या दुसऱ्या, धर्मशास्त्राच्या ग्रंथपरंपरेत हे अधिक ठळक दिसते, आणि ती परंपरा बरीचशी मराठी माणसांची आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी 1612 साली ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. त्याच घराण्यातल्या नीलकंठभट्टांच्या ‘भगवंतभास्करा’चे बारा मयूख, म्हणजे भाग, आहेत आणि त्यांतला एक संस्कारांवर आहे. पुढे पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी 1790च्या सुमारास ‘निर्णयसिंधु’च्या आधारे ‘धर्मसिंधु’ सोपा करून लिहिला आणि काशीतले निर्णय महाराष्ट्रातल्या घराघरांत भटजींच्या तोंडून पोचू लागले. पुंसवन कधी, सीमंत कोणत्या महिन्यात, गर्भिणीच्या नवऱ्याने सातव्या महिन्यानंतर मुंडन, मैथुन, तीर्थयात्रा आणि श्राद्धभोजन कसे टाळावे, हे सारे यजमान आणि पुरोहित यांच्यासाठी आहे. यात्रेकरूंच्या जिवावर चालणाऱ्या गावाच्या पंडितांनी गर्भिणीपतीला यात्रा वर्ज्य ठरवावी, ही गंमत आहेच. पण त्या नियमामागे नवऱ्याने घरी राहावे हा शहाणपणाही असू शकतो.

धर्मशास्त्राच्या या निबंधग्रंथांनी पुराणांतून घेतलेल्या नियमांत मात्र स्त्रीशी थेट बोललेले एक ठिकाण सापडते. मत्स्यपुराणात कश्यप आपल्या गर्भवती पत्नीला, दितीला, सांगतो, की उखळ-मुसळावर बसू नकोस, वारुळाजवळ जाऊ नकोस, नखाने किंवा कोळशाने जमिनीवर रेघा ओढू नकोस, उदास राहू नकोस. पुढे दिती पाय न धुता, केस मोकळे सोडून दिवसा झोपते, तेवढी फट पाहून इंद्र तिच्या पोटात शिरतो आणि गर्भाचे तुकडे करतो. त्यांतूनच मरुत जन्मतात. गर्भ कापला इंद्राने, दोष लागला झोपेला. ग्रंथ तिच्याशी बोलू लागला, पण तिला पहिल्यांदा ऐकू आली ती ताकीद. आजच्या पुस्तकांतली ‘आईने राग केला तर बाळावर तसा संस्कार होतो’ ही वाक्ये मला याच कुळातली वाटतात.

यावर सरळ आक्षेप येईल. ज्या काळी बहुतेक स्त्रियांना अक्षरओळखच नव्हती, त्या काळच्या ग्रंथकारांना ‘तुम्ही तिच्याशी का बोलला नाहीत’ असे विचारणे अन्यायाचे आहे. मान्य. पण ग्रंथकारांना स्वतःला ही उणीव ठाऊक होती. आश्वलायन गृह्यसूत्रात सीमंतोन्नयनाचा विधी सांगून झाल्यावर एक छोटे सूत्र येते: ज्यांचे नवरे आणि मुले हयात आहेत अशा वृद्ध ब्राह्मणी जे जे सांगतील, ते ते करावे. म्हणजे साळिंदराच्या काट्याने भांग कसा पाडायचा इथवर पुरुषांनी लिहिले आणि पुढची जागा बायकांवर सोपवली. त्या काय सांगत, हे लिहिले नाही. जातीचे आणि सौभाग्याचे कुंपण त्यातही आहेच. तरीही गरोदरपणाचे एक ज्ञान ग्रंथाबाहेर राहते, ही कबुली त्या सूत्रात आहे. माझी तक्रार जुन्या ग्रंथकारांबद्दल नाहीच. वैद्याला आणि यजमानाला उद्देशून लिहिलेला मजकूर गर्भवतीसाठीचे मार्गदर्शन म्हणून आज जसाच्या तसा विकला जातो, त्याबद्दल आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: मग हे जुने वाचायचेच कशाला? त्याला उत्तर सुश्रुतातच आहे. गर्भाचा कोणता अवयव आधी तयार होतो, यावर तिथे शौनक डोके म्हणतो, कृतवीर्य हृदय, पाराशर्य नाभी. शेवटी धन्वंतरी, म्हणजे दिवोदासच, म्हणतो, सगळे एकदमच. मतभेद लपवलेले नाहीत. अशा ग्रंथाला एकमुखी शास्त्र करून टाकणे म्हणजे त्याचाच अपमान. आणि त्यातले पुत्रप्राप्तीसाठी नाकपुडीत रस पिळण्याचे उपाय कोणी आज आदराने छापत असेल, तर 1994चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा ज्या मानसिकतेमुळे करावा लागला, तीच तो जोपासतो आहे.

छापखान्याने वाचक वाढवले, तरी श्रोता लगेच बदलला नाही. 1892 साली सुरू झालेल्या वाराणसीच्या चौखंबा संस्कृत मालेने आणि त्या नावाच्या पुढच्या प्रकाशनसंस्थांनी संहिता घराघरांत नेल्या, पण त्या विद्यार्थ्यांच्या. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या प्रेमवती तिवारी यांनी प्रसूतितंत्र आणि स्त्रीरोगांवर हिंदीत लिहिलेला ग्रंथही तिथूनच निघाला. सांगणारी स्त्री झाली, हे मोठेच पाऊल. पण ऐकणारा पुन्हा परीक्षेला बसणारा वैद्य. गर्भवतीच्या हातात खरोखर पडणारे छापील साहित्य म्हणजे सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड. त्यात धोक्याची लक्षणे चित्रांसह दिली आहेत आणि आशाताई ते तिच्यासमोर उघडून वाचते. त्याला ग्रंथाचा मान कोणी देत नाही. मी मात्र पुस्तक निवडताना ते शेजारी ठेवून पाहीन.

कारण धोक्याची लक्षणे हाच खरा कस आहे, आणि सुश्रुत तरी आहार आणि डोहाळ्यांवर थांबत नाही. चिकित्सास्थानात अडलेल्या बाळंतपणावर वेगळा अध्याय आहे. मूढगर्भ काढण्याइतके अवघड काम नाही, असे तो उघड लिहितो आणि वैद्याने अधिपतीची परवानगी घेऊनच हात घालावा, असे बजावतो. परवानगी बाईची घ्यावी, असे त्याच्या मनात आले नाही. पण धोका त्याने लपवला नाही. गर्भसंस्काराच्या नावाने खपणाऱ्या अनेक पुस्तकांनी त्याच्याकडून दूध, तूप आणि डोहाळे तेवढे उचलले. अंगावरून रक्त गेले, पायांबरोबर चेहराही सुजला, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटके आले, तर कोणत्या घटकेला दवाखाना गाठायचा, याचे पान त्यांत शोधावे लागते.